मुक्त गुलाम आणि चर्च: वाचायला सुरुवात करताना

गुलाम मुक्त झाला म्हणजे स्वतंत्र झाला, असं धरून वाचायला बसू नका. 633 मध्ये स्पेनमधल्या टोलेडोला भरलेल्या बिशपांच्या चौथ्या परिषदेचे ठराव आधी बघा. चर्चने मुक्त केलेल्यांनी तिचा आश्रय कधीच सोडायचा नाही, कारण ही आश्रयदाती कधी मरत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे बंधन पिढ्यान्‌पिढ्या! मला हे फार अस्वस्थ करतं. पण त्याच आश्रयामुळे पुन्हा गुलाम करू पाहणाऱ्यांपासून संरक्षणही मिळे, हेही ध्यानात ठेवा.

मग इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनच्या शुभवर्तमान-ग्रंथातल्या दहाव्या शतकापासूनच्या नोंदी घ्या. संत पेट्रॉकच्या वेदीपाशी मुक्त झालेल्यांची नावं त्यात आहेत. मुक्त कोणी केलं, कोणाच्या आत्म्याच्या कल्याणासाठी केलं, साक्षीला कोण होतं, हे टिपत जा. साक्षीदारांत पुष्कळ पाद्री सापडतील.