कासरा सुटलेला माणूस

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाईंचं पत्र आहे. दिवाळीनंतर रात्री वावरातून येताना मोटारसायकलला रानडुक्कर आडवं आलं, नवऱ्याच्या कपाळाला मार लागला. महिन्याभरात माणूस चालता-बोलता झाला. पण आता आईला शिव्या देतो, मयतीत हसतो, खेडा खरेदीवाल्याला त्यानं मागितल्या भावात कापूस देऊन मोकळा होतो. सासूबाई म्हणतात बाहेरची बाधा, दीर म्हणतो माजला. त्यांनी लिहिलंय, "मी ज्याले ओळखत होती तो माणूस दवाखान्यातून घरी आलाच नाही."

बाई, बाधा नाही आणि माजही नाही. जिभेला, हाताला 'थांब' म्हणणारा मेंदूचा भाग नेमका कपाळामागे असतो. बैल तेच आहेत, कासरा सुटलाय. अमेरिकेत 1848 साली फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंग ठासायची लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण शिवराळ झाला; सोबतीच म्हणाले, हा आपला गेज नव्हे. पुढचं मात्र फार कोणी सांगत नाही. नंतर त्यानं चिली देशात काही वर्षं घोडागाडी हाकली. रोज तोच रस्ता, तेच काम.

तुमच्या घरातही तेच करा. उठणं, जेवण, झोप ठरल्या वेळी. भांडण पेटलं की पटवून देत बसू नका, दुसऱ्या खोलीत जा. पासबुक-कार्ड तुमच्याकडे ठेवा आणि कापूसवाल्याला दिरानं स्पष्ट सांगावं. दारू थेंबभरही नको. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत मोटारसायकलची चावीही नको.

तुम्ही डॉक्टरांना फक्त 'डोकं दुखते' एवढंच सांगितलं, हे चुकलं. शिव्या, कापूस, मयतीतलं हसणं, सगळं तारखेनिशी वहीत लिहून न्या. फिटच्या गोळ्या चालू असतील, तर त्यातल्या काहींनीही चिडचिड वाढते, तेही विचारा. पण मनानं बंद करू नका. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा हातपाय लुळा पडला तर त्याच दिवशी न्या, आत रक्त काही आठवड्यांनीही साचतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मनाच्या आजारासाठीच्या 14416 या सरकारी टेली-मानस हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो.

हात उगारला तर मात्र लेकराला घेऊन माहेरी जा. आजार आहे म्हणून मार खायचा नसतो.

आणि बापाची हाक ऐकून कणगीमागे लपणाऱ्या त्या सात वर्षांच्या पोराला आजच जवळ घेऊन सांगा, बाबाच्या डोक्याला आतून लागलंय, तू काही केलं नाहीस.