नाव हायड्राइड, वागणं आम्लाचं

प्रश्न : सर, हायड्राइड म्हणजे ऋणभारित हायड्रोजन असं शिकले. मग कोबाल्ट टेट्राकार्बोनिल हायड्राइड तीव्र आम्ल कसं? पुस्तकात छपाईची चूक आहे का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : छपाई बरोबर आहे, घोळ नावातच आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! धातूला जोडलेला हायड्रोजन आपण हिशेबापुरता उणे एक धरतो. सातबारा कुणाच्या नावावर आहे, त्यावरून शेत कोण कसतं ते थोडंच कळतं?

कोबाल्टला जोडलेले चार कार्बोनिल, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचे गट, इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात. त्यामुळे हायड्रोजन धनभारित प्रोटॉन होऊन निघून गेल्यावर (आम्ल म्हणजे हेच) उरलेला ऋण आयन अठरा इलेक्ट्रॉनांनिशी सुखात राहतो. आता एकच कार्बोनिल काढ आणि तिथे ट्रायफिनाइल फॉस्फिन हा इलेक्ट्रॉन देणारा फॉस्फरसचा रेणू बसव. अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकात पीकेए (हा आकडा एकनं वाढला की आम्लता दहा पटीनं घटते) ८.३ वरून १५.४ वर जातो, म्हणजे आम्लता कोटीभर पटीनं घटली! याउलट श्वार्ट्झ अभिकारक हा झिर्कोनियमचा हायड्राइड. त्याला पाणी लागलं की त्याचा ऋण हायड्रोजन पाण्यातल्या प्रोटॉनशी जुळून हायड्रोजन वायू सुटतो. हा मात्र नावाला जागणारा हायड्राइड.

एनएमआर या चुंबकीय चाचणीत प्रत्येक हायड्रोजनचं शिखर पीपीएमच्या पट्टीवर उमटतं; ते उणे बाजूला दिसलं म्हणूनही ऋणभार समजू नकोस. कोबाल्टच्या त्या आम्लाचा हायड्रोजनही उणे दहाच्या आसपासच दिसतो. ती करामत धातूच्या डी-इलेक्ट्रॉनांची.

या उण्या आकड्यांनी मलाही एकदा रडवलंय. विद्यार्थी असताना रुथेनियम क्लोराइड, ट्रायफिनाइल फॉस्फिन आणि फॉर्मॅलिन मेथॉक्सीइथेनॉल या अल्कोहोलमध्ये उकळून पांढरा हायड्राइड केला होता. त्यातला हायड्रोजन फॉर्मॅलिनचा की अल्कोहोलचा, यावर मित्राशी भांडणही झालं. नमुना घेऊन सांगलीहून रात्रीच्या एस.टी.नं पुण्याला गेलो. एनएमआरचा चार्ट हातात आला, तर फक्त फॉस्फिनवरच्या फिनाइल गटांची गर्दी. मार्गदर्शक म्हणाले, "हायड्राइड झालाच नाही." आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. मग लक्षात आलं की यंत्र शून्य ते दहा एवढंच फिरवलं होतं. शून्याच्या उजवीकडे कुणी बघितलंच नव्हतं!

परत एस.टी. या वेळी उणे वीसपर्यंत जायला सांगितलं. उणे सातला सहा बारीक शिखरं, तीन-तीनच्या दोन जुड्या : समोरच्या एका फॉस्फरसनं दोन जुड्या पाडल्या आणि बाजूच्या दोघांनी प्रत्येकीची तीन शिखरं केली. हायड्राइड झाला होता!