लंगोट की डायपर?

प्रश्न : ताई, बाळ तीन महिन्यांचं आहे, आम्ही सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहतो. सासूबाई म्हणतात लंगोटच बरे, पण नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मग रोज एवढं धुवायचं कसं? आणि डायपर लावला की रॅश येतात.

उत्तर : अगं, एकच काहीतरी निवडायलाच हवं असं नाहीये. दिवसा घरात असताना सुती लंगोट, आणि रात्री, प्रवासात किंवा पाणी नसेल त्या दिवशी डायपर, हे मला तरी सगळ्यात सोयीचं वाटतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, त्यात प्लॅस्टिकच्या आवरणात घाम आणि ओल अडकते आणि रॅश तिथूनच सुरू होतात, म्हणून डायपर भरलेला दिसला नाही तरी तीन-चार तासांनी बदलच, आणि शी केली तर लगेच. मधेमधे थोडा वेळ उघडंच ठेव, पावडर नको. लंगोट धुताना सॉफ्टनर घालू नकोस, कापड पाणी शोषत नाही, आणि सोलापूरचं ऊन आहेच की, कडक वाळव. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळा दे. रॅश दोन-तीन दिवसांत कमी नाही झाले किंवा पुरळात पू दिसला तर डॉक्टरांना दाखवच.