'नीतिवान', 'नीतिमान' आणि मापातले पाप

प्रश्न असा : ख्रिस्ती प्रवचनांत 'नीतिमान जीवन' म्हणतात, ते 'नीतिवान' हवे का? आणि सरळ 'धार्मिक' म्हटले तर काय बिघडले?

'नीतिवान' ऐकून कान किटले. अकारान्त शब्दाला 'वान' लागतो : गुणवान, धनवान. इकारान्ताला 'मान' : बुद्धिमान, नीतिमान. सुटी 'नीती' दीर्घ, पुढे प्रत्यय आला की ऱ्हस्व. 'नीतिमत्त्व' लिहिताना दोन 'त' हवेत, एक 'मत्'चा आणि एक 'त्व'चा. व्याकरण संपले.

आता अर्थ. नीतिमान म्हणजे व्यसन नसलेला, रविवारची उपासना न चुकवणारा, एवढ्यावरच बहुतेकांचे समाधान होते. पण बायबलातला मूळ हिब्रू शब्द आहे 'त्सेदेक', आणि लेवीय १९:३६ या एकाच वचनात तो चार वेळा येतो, चारही वेळा थेट बाजारात! त्सेदेकचा तराजू, त्सेदेकचे धोंडे (वजने दगडाचीच असत), त्सेदेकचा एफा, त्सेदेकचा हिन. एफा धान्याचे माप. हिन तेल-द्राक्षारसाचे, एफाच्या सहाव्या हिश्शाएवढे. 'अनुवाद' या बायबलातल्याच पुस्तकातले २५:१३ हे वचन तर थैलीत एक मोठे आणि एक लहान अशी दोन वजने बाळगायलाच मनाई करते. उघड आहे, मोठे घेताना काढायचे, लहान देताना. मराठीने हा अख्खा अध्याय दोन शब्दांत बसवला आहे : मापात पाप.

'नी म्हणजे नियम, तो पाळणारा नीतिमान' अशी फोड काही व्याख्याते छातीठोकपणे करतात. साफ चूक. 'नियम' हा नि + यम्. 'नीती'तला धातू 'नी', म्हणजे नेणे. नेता, नायक, विनय ही त्याचीच भावंडे. म्हणून देवाला मेंढपाळ म्हणणाऱ्या स्तोत्र २३:३ मधले 'नीतिमार्गाने चालवतो' मला भाषांतराची कमाल वाटते. तिथे 'मार्ग' या अर्थी असलेला 'मागाल' हा हिब्रू शब्द आणि 'अगाला' म्हणजे गाडी, दोन्ही एकाच धातूचे. मागाल म्हणजे चाकांनी पाडलेली वाट. आपली चाकोरीच! आपण 'चाकोरीबद्ध' म्हणून तिला नावे ठेवतो, मेंढपाळाला मात्र तीच सोयीची. नीतिमान तो, जो स्वतःला नेऊ देतो. ही माझी उपपत्ती, कोशांत शोधू नका.

प्रेषित पौलही हिशेबाचीच भाषा बोलतो. त्याच्या रोमकरांस पत्रात (४:३) अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून 'गणला' जातो. मूळ ग्रीक क्रियापद जमाखर्चातले आहे. म्हणजे जमा आधी देवाच्या कृपेने होते, वजने त्यानंतर बदलायची. लूक १९ मधला जकातदार जक्कय पाहा. येशू घरी आल्यावर तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेले चौपट परत करायला निघतो.

राहिले 'धार्मिक'. मत्तय ६:१ आणि ६:३३ या दोन्ही ठिकाणी ग्रीक शब्द एकच, 'दिकायोसुने'. मराठीत पहिल्या जागी 'धर्माचरण' येते, दुसऱ्या जागी 'नीतिमत्त्व'. पहिले लोकांना दाखवण्यासाठी करू नका असे सांगितले आहे, दुसऱ्यासाठी झटा असे. 'धार्मिक' हा शब्द पहिल्याच्या फार जवळचा, म्हणून नको.