वायर काढली तरी एलईडी का विझत नाही?

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात शिकते. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसची वायर काढताच एलईडी विझतो; मॉसफेट या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरच्या गेटची वायर काढली, तर मात्र तो पेटलेलाच राहतो. दोन्ही स्विचच असताना असे का होते?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : या दोन जातींमधला मूळ भेदच आपल्याला दिसला आहे. बीसी ५४७ ला एमिटर, बेस आणि कलेक्टर अशी तीन टोके असतात. त्याच्या बेस-एमिटर संधीवर सुमारे ०.७ व्होल्ट आले, की एमिटरमधील इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात आणि बेसचा थर अतिशय पातळ असल्यामुळे त्यांतले बहुतेक पलीकडे कलेक्टरमध्ये ओढले जातात. थोडे मात्र वाटेत होलांशी (धनभारासारख्या वागणाऱ्या, इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांशी) संयोग पावून संपतात, शिवाय काही होल उलट एमिटरकडे निघून जातात. ही तूट बेसमधून प्रवाह देऊन अखंड भरून काढावी लागते. वायर काढली की भरपाई थांबते आणि बेसमध्ये उरलेला भार क्षणार्धात संपतो.

मॉसफेटमध्ये गेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा विद्युतरोधक थर असतो. आपल्या एन-चॅनेल मॉसफेटच्या गेटवर धनभार आला, की त्याच्या विद्युतक्षेत्रामुळे खाली इलेक्ट्रॉन गोळा होऊन सोर्स या टोकापासून ड्रेन या टोकापर्यंत प्रवाहाची वाट तयार होते. म्हणजे गेट हा वस्तुतः एक कपॅसिटर, भार साठवणारा घटक आहे. वायर काढल्यावर त्यावरील भाराला जायला जागाच उरत नाही, म्हणून वाट टिकते आणि एलईडी पेटलेलाच राहतो. (विद्युतक्षेत्राने प्रवाह नियंत्रित करण्याची ही कल्पना १९२० च्या दशकातली, भौतिकशास्त्रज्ञ लिलियनफेल्ड यांची, पण पृष्ठभागावर अडकणारे इलेक्ट्रॉन क्षेत्राचा परिणाम झाकून टाकत. त्यामुळे १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत पॉइंट-कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर आधी जन्मला आणि अटाला व कांग यांचा मॉसफेट १९६० च्या सुमारास आला.)

‘गेट प्रवाह घेत नाही’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मात्र स्थिर अवस्थेपुरतेच खरे आहे. गेटची धारिता (भार साठवण्याची क्षमता) १ नॅनोफॅरड धरली आणि ते १०० नॅनोसेकंदांत १० व्होल्टपर्यंत न्यायचे म्हटले, तर तेवढ्या वेळापुरता सरासरी १०० मिलिअँपिअर प्रवाह द्यावा लागतो. इन्व्हर्टरमध्ये गेटसाठी वेगळा ड्रायव्हर (हा प्रवाह पुरवणारे मंडल) असतो तो यासाठीच.

आपल्या मंडलात गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. तेवढ्याच धारितेचा भार त्यातून दहा ते पन्नास मायक्रोसेकंदांत वाहून जाईल, म्हणजे वायर काढताच एलईडी विझेल.