रोइंग मशीन घ्या, पण हप्त्याने नको

नाशिकच्या एका वाचकांनी विचारले आहे: ‘वय ४१, वजन ९२ किलो. रक्ततपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तसाखर) ६.१ आले. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. गुडघ्यांमुळे पळणे जमत नाही, म्हणून घरी रोइंग मशीन घ्यायचे मनात आहे. किंमत १,३५,००० रुपये. क्रेडिट कार्डवर १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय मिळतोय, महिना ११,२५०. पगार हातात ७२,००० येतो, घराचा हप्ता २४,५००. मुलीच्या नावाची म्युच्युअल फंडातली महिना ५,००० ची एसआयपी वर्षभर थांबवतो आणि बाहेरचे खाणे बंद करून ६,२५० काढतो. कार्डवर आधीची ३८,००० बाकी आहे, दरमहा ३,००० भरतो. बचत खात्यात ६०,००० आहेत. घेऊ का?’

नमस्कार. आधी एक सांगतो, तब्येतीवरचा खर्च मी चैन मानत नाही. ६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. इथून मागे फिरता येते आणि तुम्ही फिरायचे ठरवले आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. व्यायामही योग्य निवडलात. रोइंगमध्ये, म्हणजे वल्हवण्याच्या व्यायामात, गुडघ्यांना पळण्यासारखे दणके बसत नाहीत, आणि पाय, पाठ, हात सगळे कामाला लागतात.

पण तुमच्या पत्रातला मला खटकलेला आकडा १,३५,००० नाही, ३८,००० आहे. बहुतेक कार्डांप्रमाणे तुमच्या कार्डावरही महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागत असेल, तर ते १,३३० होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की जवळजवळ १,५७०. म्हणजे तुम्ही भरता त्या ३,००० मधले निम्म्याहून जास्त व्याजातच जातात. या वेगाने पहिल्या वर्षात व्याजापोटी १४,००० च्या आसपास रुपये जातील. तेवढ्यात बऱ्याच ठिकाणी जिमची वर्षाची वर्गणी भरून होते.

नो-कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी, या शब्दावरही विसंबू नका. अशा योजनांत व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते, यावर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बोट ठेवले होते. दुकानदाराला सरळ विचारा, ‘रोख दिले तर किती कमी कराल?’ जेवढे कमी होतील तेवढे तुमचे व्याज. शिवाय व्याजाच्या भागावर आणि प्रक्रिया शुल्कावर जीएसटी लागतो, तो वेगळा.

एसआयपीला तर हातच लावू नका. मुलगी किती वर्षांची ते तुम्ही लिहिलेले नाही. पैसे १२ वर्षांनी लागतील असे धरतो. वर्षभराचे ६०,००० दहा टक्क्यांनी वाढले, तर तोवर पावणेदोन लाखांच्या पुढे जातील. बाजार खात्री देत नाही, पण एकदा थांबवलेली एसआयपी ‘पुढच्या महिन्यापासून’ म्हणत किती लांबते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

मग करायचे काय? बचत खात्यातले ३०,००० आजच कार्डवर भरा. गंगाजळी अर्धी होईल, हे मला ठाऊक आहे, आणि एरवी मी हा सल्ला दिला नसता. पण बचत खात्याचे व्याज आणि कार्डचे व्याज यांची तुलनाच होत नाही. बाहेर खाण्याचे वाचलेले ६,२५० आणि कार्डसाठी काढत होता ते ३,००० मिळून ९,२५० होतात. त्यातून १,८०० च्या आसपास जिमची महिन्याची फी भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. उरलेल्या पैशांतून आधी कार्डची बाकी संपवा, मग बचत खाते भरा. सहा महिन्यांच्या आत दोन्ही होते.

जिम मात्र रोइंग मशीन असलेलीच शोधा, आणि फी महिन्याचीच भरा, वर्षाची नको. पहिले काही दिवस शिकवणारा कोणी तरी हवा. तुमच्याच जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे रोइंगपटू दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले, पण वल्हवायला ते शिकले लष्करात गेल्यावर. ओढताना आधी पाय, मग पाठ, शेवटी हात, परतताना उलट. घरी एकट्याने पाठ वाकवून खेचत बसलात तर महिन्याभरात कंबर धरेल आणि एक लाख पस्तीस हजारांच्या मशीनवर कपडे वाळत घातले जातील.

वजनाचेही खरे सांगतो. ७० किलोच्या माणसाचे अर्धा तास मध्यम वेगाने वल्हवून साधारण २५० कॅलरी खर्च होतात. तुमचे वजन जास्त, म्हणून थोड्या अधिक. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. आठवड्यातून चार दिवस केलेत तरी नुसत्या व्यायामाने किलोभर उतरायला दीड-दोन महिने लागतील. म्हणून बाहेरचे खाणे बंद करायचा तुमचा निश्चय मला मशीनपेक्षा मोलाचा वाटतो. त्यात पैसेही वाचतात आणि वजनही उतरते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. आरोग्य विमा फक्त कंपनीचा असेल, तर स्वतःची पॉलिसी आता घ्या. मधुमेहाचे निदान झाल्यावर ती महाग होते, कधी मिळतही नाही. हा ६.१ चा रिपोर्ट अर्जात लपवू नका. लपवलेत तर दावा अडतो. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर आता जीएसटी नाही.

सहा महिन्यांनी जिमच्या हजेरीत आठवड्याला तीन-चार दिवस दिसले, तर महिना ७,४५० बाजूला टाकत मशीनसाठी रोख जमवा. चार महिन्यांत तीस हजारांच्या आतले चुंबकीय मशीन येते. घेण्याआधी तुमचे पाय पूर्ण सरळ होतात का आणि ते किती वजन पेलते, हे बसून पाहा. हवेवर चालणारे चांगले मशीन वापरलेले मिळाले तर साखळी आणि मीटर तपासा, आणि दुरुस्तीला नाशिकमध्ये कोण येईल ते आधी विचारा. त्याला जवळजवळ आठ फूट लांब जागा लागते. आज रात्री टेप घेऊन हॉल मोजून ठेवा.