अणू ‘विश्रांती’ घेतात का?

अमळनेरच्या एका शिक्षकांनी विचारलंय: अकरावीच्या टिपणांत ‘रिलॅक्सेशन टाइम’ला ‘विश्रांतिकाळ’ लिहावं की ‘शिथिलनकाळ’? सोबत त्यांचं वाक्य आहे: ‘ताण दिल्यावर द्रवातले अणू काही काळाने विश्रांती घेतात.’

सर, माझं मत ‘शिथिलनकाळ’ला. पण नुसता शब्द बदलून भागणार नाही, खोट कर्त्यात आहे. अणू कसला विश्रांती घेतोय! द्रवरूप अरगॉन घ्या. सुटे, गोल अणू, म्हणून अभ्यासकांचा लाडका ‘साधा द्रव’. उणे १७९ अंश सेल्सिअसलाही त्यातल्या अणूचा वेग सेकंदाला २४० मीटरच्या आसपास असतो. आणि सेकंदभर धावून तो मूळ जागेपासून पोचतो किती लांब? मिलिमीटरचा दहावा हिस्सा, फार तर जरा जास्त.

असं का, हे दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजाराच्या तोंडाशी अडकलेल्याला सांगायला नको. पाऊल पुढे टाकावं तर समोरचा मागे रेटतो. शेजारचे जरा सरकले, फट पडली, की मग आपण पुढच्या घोळक्यात. अणूही असाच शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात आपटून उलटा फिरतो. मूळ हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ अरगॉन अणूंची हालचाल संगणकावर मांडली, तेव्हा हे उलटं फिरणं आकड्यांत दिसलं. पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग, पुरता उलटायच्या आत अणूंचा वेग सरासरीने सुरुवातीच्या दिशेविरुद्ध झालेला असतो.

मग शिथिल काय होतं? ताण. ही कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये मांडली. द्रवाला अचानक झटका दिला तर क्षणभर तो घन पदार्थासारखा अडून बसतो. अणू जागा बदलत गेले, की ताण ओसरतो. ओसरायला लागणारा वेळ तो शिथिलनकाळ. विष्यंदितेला, म्हणजे वाहायला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला, त्या क्षणिक दृढतेने भागलं की त्याचा अंदाज येतो. अरगॉनमध्ये हा सगळा मामला पिकोसेकंदांच्या घरातला. काचेचा रस निवत निवत काच होण्याच्या बेतात आला, की तोच शंभरेक सेकंदांवर जातो.

म्हणजे अणू हलतात म्हणूनच ताण सैल पडतो. ते खरोखर विसावले असते तर ताण तसाच राहिला असता! ‘विश्रांतिकाळ’ नको म्हणतो तो यासाठी.

वाक्य असं करा: ‘अणूंच्या हालचालीमुळे द्रवातला ताण शिथिल होतो, त्याला लागणारा काळ म्हणजे शिथिलनकाळ.’ आणि ‘परमाणू’ लिहू नका. बऱ्हाणपूरकडची हिंदी पुस्तकं वाचलेल्या मुलांची तिथे गफलत होते, कारण हिंदीतला ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू.